तीन फेब्रुवारीची ओळ

“पण फादर, या संतानं ख्रिस्तसभेला दिलं तरी काय?”

फादर सिप्रियन दोन लांब मेणबत्त्या एकमेकींवर तिरक्या धरून त्यांना तांबडी फीत बांधत होते. गाठ नीट बसत नव्हती.

“नाव ब्लेझ. तिकडे आर्मेनियात बिशप होते. चौथ्या शतकात छळ झाला, मारले गेले. संपलं.” डीकन जोकिमनं हातातली जाड वही मिटली. “एक ग्रंथ नाही, एक संस्था नाही, साधं एक पत्रसुद्धा नाही.”

“गाठीवर बोट ठेव,” फादर म्हणाले.

जोकिमनं बोट ठेवलं. फादरनी फीत आवळली, आणि बोट आतच अडकलं.

डीकन म्हणजे धर्मगुरू होण्याच्या आधीची शेवटची पायरी. जोकिम तुस्कानो त्या पायरीवर उभा होता आणि एक पाय त्यानं मनातल्या मनात पुढच्या पायरीवर केव्हाच टाकला होता. सेमिनरीत तो पहिला. प्रवचनाला उभा राहिला की वीस मिनिटं कागदाकडे बघायचा नाही. जूनमध्ये त्याला वसईच्या किनाऱ्यावरच्या या लहानशा कोळीवाड्यात अनुभवासाठी पाठवलं, तेव्हा तो कपड्यांची एक पिशवी आणि पुस्तकांच्या तीन पेट्या घेऊन आला होता.

आठ महिन्यांत त्यानं ती वही भरली होती. वर्षभरातल्या संतांचे सण, आणि प्रत्येक संतापुढे एक ओळ : योगदान.

अठ्ठावीस जानेवारी, संत थॉमस अक्वायनस : ईश्वरशास्त्राची मांडणी. अठ्ठावीस ऑगस्ट, संत ऑगस्टिन : कृपेचा सिद्धान्त. तीस सप्टेंबर, संत जेरोम : बायबलचं लॅटिन भाषांतर. वसईचेच म्हणून संत गोन्सालो गार्सियांना त्यानं अख्खं अर्धं पान दिलं होतं. वही खरोखर चांगली होती, कष्टानं केलेली होती, उगाच नावं ठेवायचं कारण नाही.

फक्त तीन फेब्रुवारीला अडलं होतं. संत ब्लेझ, योगदान : आणि पुढे कोरी जागा.

नेमका तोच या गावचा संत. त्याच्याच नावाचं देऊळ, इथे चर्चला देऊळच म्हणतात. आणि आज तीन फेब्रुवारी.

“घशात अडकलेला माशाचा काटा काढला, ही एवढीच गोष्ट,” जोकिम बोट सोडवत म्हणाला. “तीही त्यांच्या मरणानंतर शेकडो वर्षांनी कुणीतरी लिहिलेली. काटा काढणं हे काय योगदान झालं?”

“नाही का?”

“फादर, मी गंभीरपणे विचारतोय.”

“मीही.” फादरनी मेणबत्त्या वर धरून पाहिल्या. “ती ओळ भर. चार वाजता बिशपांची गाडी येईल. ओळ भरलीस की मी पत्र लिहितो.”

जोकिमची नजर टेबलाकडे गेली.

ते पत्र आठ दिवस टेबलावर पडून होतं. पत्र कसलं, कोरा कागदच, वर जाळ्याला बांधायच्या शिशाचा एक गोळा ठेवलेला. एप्रिलमध्ये गुरुदीक्षा होती. बिशपांना फादर सिप्रियनांकडून फक्त दोन ओळी हव्या होत्या : हा मुलगा तयार आहे की नाही. पत्र आज गेलं नाही तर दीक्षा वर्षभर पुढे जाणार. घरी आईनं त्याच्या दीक्षेचा झगा शिवायला टाकला होता.

“एका ओळीसाठी पत्र अडवणार, फादर? बाकी तीनशे ओळी आहेत की!”

“त्या मी वाचल्या...”

“मग?”

“छान आहेत,” असं म्हणून फादर मेणबत्त्या घेऊन देवळात निघून गेले.

हे कौतुक होतं की दुसरं काही, जोकिमला कळेना. या म्हाताऱ्याचं काहीच त्याला कधी कळत नसे.

*

मिस्सा, म्हणजे सणाची मुख्य उपासना, झाल्यावर घशांना आशीर्वाद द्यायचा असतो. तिरक्या बांधलेल्या मेणबत्त्या माणसाच्या गळ्याशी धरायच्या आणि म्हणायचं, संत ब्लेझ यांच्या मध्यस्थीनं परमेश्वर तुला घशाच्या आणि इतर सर्व दुखण्यांतून मुक्त ठेवो.

दोन रांगा होत्या. एका रांगेपुढे फादर, दुसरीपुढे जोकिम. फादरांची रांग दारातून बाहेर, पार वाळत घातलेल्या बोंबलांपर्यंत गेली होती. जोकिमच्या रांगेत अकरा माणसं.

ती अकरा संपली. तो मेणबत्त्या धरून नुसता उभा राहिला.

“इकडे या,” त्यानं फादरांच्या रांगेतल्या एका बाईला खुणावलं. “इथे लगेच होईल.”

बाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला. जागची हलली नाही.

ती फिलूबाय. फिलोमीना. ऑक्टोबरात जोकिम घरोघरी भेटी द्यायला गेला होता, तेव्हा तिनं त्याला चहा दिला आणि हौसेनं विचारलं, “ब्रदर, माज्या नावाच्या संतीनीचा सन कदी येतो हो?”

जोकिमनं चहाचा घोट घेतला आणि खरं ते सांगितलं. “फिलोमीना? तिला एकसष्ट सालीच कॅलेंडरमधून काढलं. पुरावा सापडत नव्हता.”

वर आणखी पाच मिनिटं त्यानं ते कसं योग्यच झालं हेही समजावून दिलं. चहा संपला तेव्हा फिलूबाय आत गेलेली होती. बाहेर आलीच नाही.

आपलं काय चुकलं, हे कोडं त्याला अजून सुटलं नव्हतं. माहिती तर अगदी बरोबर होती.

*

दुपारी देवळाच्या अंगणात पंगत बसली. सगळा गाव. फादर एका टोकाला मांडी घालून बसले, जोकिम त्यांच्या शेजारी. समोरच्या ओळीत फिलूबाय, आणि तिच्या बरोबर समोर, जोकिमच्या डाव्या हाताला, तिचा दीर पास्कू. उन्हानं रापलेला, खाली मान घालून बसलेला माणूस.

पत्रावळीवर भात पडला, कालवण पडलं. कालवणात भिंग.

भिंग हा चवीला राजा मासा, पण काटे असे की मोजायला बसलं तर जेवण राहून जाईल. बारीक, केसासारखे, दुहेरी. एरवी पाहुण्याला कुणी भिंग वाढत नाही. आणि आज, घशाच्या संताच्या सणाला, मुद्दाम तोच.

“हे काय?” जोकिम फादरांकडे झुकला. “आजच्याच दिवशी इतका काटेरी मासा?”

फादरनी भाताचा घास मळला.

“प्रथा आहे का? कधीपासून?”

फादरनी घास तोंडात घातला.

जोकिमनं इकडेतिकडे पाहिलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. अख्ख्या पंगतीत आवाज नव्हता. दोनशे माणसं, तीही कोळीवाड्यातली, जिथे शेजारणीला मीठ मागायचं तरी हाळी तीन घरं पलीकडे ऐकू जाते. पण कुणी हूं का चूं करत नव्हतं. नुसती बोटं चालत होती. काटे पत्रावळीच्या कडेला ठेवले जात होते. वाढपीसुद्धा विचारत नव्हते, डोळ्यांनीच हवं-नको बघत होते.

हे लोक रागावलेत का? माझ्यावर?

त्याला वाटलं, संधी मात्र बरी आहे. सगळे जमलेत, शांत आहेत. संत ब्लेझचा खरा इतिहास यांना कुणी सांगितलाच नसेल.

“भाऊ-बहिणींनो,” त्यानं घास चावता चावता आवाज चढवला, “आज आपण ज्यांचा सण साजरा करतो ते संत ब्लेझ हे मूळचे सेबास्ते या शहरा...”

आणि थांबला.

सगळ्यांना वाटलं, पुढचं आठवतोय. जोकिमचे डोळे मोठे झाले. हात गळ्याकडे गेला. तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्दही बाहेर येईना आणि श्वासही आत जाईना. खोकायला गेला तर काटा आणखी रुतला.

मेलो, असं त्याला वाटलं. अगदी साफ वाटलं.

तरीही कुणी ओरडलं नाही. फक्त समोरच्या ओळीतून फिलूबाय उठली, पत्रावळी ओलांडून आली आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. डाव्या हातानं तिनं त्याचा जबडा धरला.

“आ करा.”

त्यानं आ केला. तिनं दोन बोटं आत घातली. जाळ्यातली गाठ सोडवणारी बोटं ती, त्यांना अंधारात चाचपायची सवय होती. जोकिमला ओकारी आली, डोळ्यांतून पाणी वाहिलं... आणि बोटं बाहेर आली. दोन नखांच्या चिमटीत नखभर काटा.

तिनं तो त्याच्या पत्रावळीच्या कडेला नीट ठेवला.

“आता बोलायचा नाय,” ती म्हणाली, आणि परत जागेवर जाऊन जेवायला लागली.

पंगत पुन्हा सुरू झाली. जशी काही मधे एखादी माशी हाकलली.

जोकिमनं फादरांकडे बघितलं. निदान आता तरी हा माणूस काही बोलेल. फादर आपल्या पत्रावळीतला एक काटा उन्हात धरून निरखत होते.

तेव्हा कुठे जोकिमला उमगलं की भिंग खाताना बोलायचं नसतं. लहान मूलही बोलत नाही. बोललं की काटा अडकतो. एवढी साधी गोष्ट गावाला पाळण्यापासून ठाऊक होती, आणि तीन पेट्या पुस्तकांत ती नव्हती.

पण मग वर्षातून एकदा सगळ्या गावानं मिळून असा मासा खायचाच कशाला? हे काही त्याला उमगलं नाही.

*

तीन वाजून गेले. जोकिम फादरांच्या खोलीबाहेर, पडवीतल्या बाकावर वही उघडून बसला होता. आत फादर दुपारचे आडवे झाले होते, खिडकी उघडी होती. घसा सोलपटून निघाला होता. आवाज पार गेला होता, जोर लावला तर नुसती हवा येई.

त्यानं पेन्सिलीनं लिहिलं : श्रद्धेसाठी रक्त सांडले. मग खोडलं. ते तर शेकडो जणांनी सांडलं. लिहिलं : रुग्णांचा कैवार. खोडलं. लिहिलं : काटा काढला. त्याकडे बराच वेळ बघत बसला आणि तेही खोडलं. कागद तिथे पातळ झाला.

तासाभरात गाडी येणार. त्याला रडू आल्यासारखं झालं.

“तोंड उगडा, बगू.”

फिलूबाय समोर उभी होती. तिनं त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, घशात पाहिलं आणि मान हलवली. “लाल झालाय. दोन दीस मऊ भात खावा.”

त्यानं हात जोडले. बोलायला गेला, तर फुस्स आवाज आला.

“र्‍हाऊ द्या.” ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. “फादर निजलेत?”

त्यानं मान डोलावली.

“त्यांच्याशी बोलाया आलेली मी.”

ती उठेल असं त्याला वाटलं. ती उठली नाही. समोर जाळी वाळत होती, तिकडे बघत राहिली.

“पास्कू आज जेवला नाय,” ती म्हणाली. “तुमच्या बाजूला व्हता. तुमी बगितला का?”

जोकिमनं बघितलं नव्हतं.

“माजा बस्त्याव जाऊन अकरा वर्सं झाली. दोगं भाव एका व्होडीत व्हते. व्होडी उलाटली. पास्कू पवत आला. माजा नाय आला.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तवापासून मी त्याच्याशी बोलले नाय. तो बी नाय बोलला. समोरासमोर घरं हायत, ब्रदर. अकरा वर्सं.”

जोकिमच्या डोक्यात प्रवचन तयार उभं होतं. क्षमा, तीन मुद्दे. सात वेळा नव्हे, सत्तर गुणिले सात वेळा. त्यानं तोंड उघडलं. हवा आली.

फिलूबाय थांबली. तो काय सांगतो याची वाट बघत राहिली.

...

तो काहीच सांगू शकला नाही. तिच्याकडे नुसता बघत राहिला. तिच्या डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता. आठ महिन्यांत त्यानं तो पाहिलाच नव्हता.

“मला राग नाय त्याचा,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “व्हता. लय व्हता. आता मला निस्ता एकच इचारायचा हाय. बस्त्याव शेवटी काय बोलला? माजा नाव घेतला का? तो पास्कूलाच ठावं. दुसऱ्या कुनाला नाय.”

...

“पन इचारला, आन् तो बोलला का बस्त्याव कायच नाय बोलला... तर?”

जोकिमला वाटलं, आता तरी काहीतरी बोललंच पाहिजे. माणूस इतकं विचारतंय आणि आपण ठोंब्यासारखे बसलोय. त्यानं सगळा जोर लावला. घशात अशी कळ आली की डोळे भरून आले.

तिनं त्याचे डोळे पाहिले. तिचेही भरले. मग ती रडली, आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. तो बसून राहिला. उठून जाण्यासारखं नव्हतं आणि करण्यासारखंही काही नव्हतं.

मग तिनं पदर तोंडावरून काढला.

“पंगतीत तो माज्याकडं बगतो,” ती हळूच म्हणाली. “वरसातनं तेवडा एकदाच. तितं कुनाला बोलता येत नाय, म्हनून बगतो.”

...

“मंग आजच इचारते. नाव घेतला असंल-नसंल.” तिनं नाक पुसलं आणि उठली. पायरी उतरून मागे वळली. “लय चांगला सांगितलात, ब्रदर. बरा वाटला.”

आणि गेली.

जोकिम तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे आ वासून बघत राहिला. काय सांगितलं मी?

*

“ओळ भरलीस?”

फादर टेबलाशी बसले होते. त्यांचा चेहरा काही झोपेतून उठलेल्या माणसाचा दिसत नव्हता.

जोकिमनं वही पुढे केली. तीन फेब्रुवारीच्या ओळीवर खोडाखोडीचा एक करडा डाग होता. बाकी काही नाही. त्यानं मान हलवली. बाहेर रस्त्यावर गाडीचा आवाज आल्यासारखा वाटला आणि त्याला आई दिसली, झगा अंगाशी धरून लांबी बघणारी.

तो टेबलावर वाकला. आता कुजबुजण्याइतका आवाज येत होता, प्रत्येक शब्दाला ओरखडा उठत होता.

“फादर... फिलूबाय आली होती.”

“हं.”

“म्हणाली, चांगलं सांगितलंत.”

“हं.”

“मी काहीच बोललो नाही, फादर! एक अक्षर नाही. तिला काही... काही दिलंच नाही मी.”

फादरनी वहीतल्या त्या डागावरून अंगठा फिरवला. वही मिटून त्याच्या हातात परत दिली. मग शिशाचा गोळा बाजूला सरकवला, कागद पुढे ओढला, आणि टोपण काढून दोन ओळी लिहिल्या. सही केली.

जोकिमनं उलट्या बाजूनं वाचलं. ‘मुलगा तयार आहे. दीक्षा द्यावी.’

“पण...” आनंद व्हायला हवा होता, तो धड होईना. “पण ओळ तर कोरीच राहिली, फादर.”

फादर कागदाची घडी घालत होते.

खिडकीतून समोरची घरं दिसत होती. पास्कूच्या दाराशी फिलूबाय उभी होती. दार उघडलं. पास्कू बाहेर आला, तिला पाहून चौकट धरून उभा राहिला. तिनं काहीतरी विचारलं. इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. पास्कू हळूहळू पायरीवर खाली बसला. त्यानं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. मग त्याचे ओठ हलायला लागले, हलत राहिले, आणि फिलूबाय त्याच्या शेजारी पायरीवर बसली. ती ऐकत होती.

काय सांगत असेल? घेतलं असेल का नाव? जोकिमला ते कळावं असं फार फार वाटलं. कळण्याचा काही मार्ग नव्हता.

अंगणात गाडीचा हॉर्न वाजला.

फादरनी पाकीट चिकटवून त्याच्या हातात ठेवलं आणि सकाळच्या मेणबत्त्या जवळ ओढून फितीची गाठ सोडवायला घेतली. जोकिम दारापर्यंत गेला. तिथे थांबला. आईला फोन करायचा होता. रविवारचं प्रवचन त्याच्याकडे होतं. आणि घसा पेटला होता नुसता.

“फादर,” तो कुजबुजला, “बरा कधी होईल हो हा घसा?”

फादर सिप्रियननी गाठीवरून डोळे वर केले.

“घाई काय आहे?”